कंसांचे कारभारी

राजापेठेतून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत एका माडीवर हल्ली जो तरुण संगणकासमोर बसलेला आढळतो, त्याच्या हुद्द्याचे नाव काहीही असो, वृत्तीने तो १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभारात आल्यापासून या मुलखाने पाहिलेल्या तमाम दफ्तर-तपासनिसांचा थेट वंशज होय. शिकवणी वर्गांचे चालक, मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक असे नाना प्रकारचे इसम संकेतस्थळावर आपापल्या संदेशांचे नमुने दाखल करतात, नाव, तारीख, बाकी रक्कम यांसाठी दुहेरी महिरपी कंसांत जागा राखतात, आणि त्या कंसांतील मजकूर सशास्त्र आहे की नाही याचा निवाडा करणे, हे या गृहस्थाचे जीवितकार्य आहे.

मनुष्यजातीवर त्याचा विश्वास नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. कंसांत कोणी नावाऐवजी ‘७ गुणिले ७’ लिहिले आणि यंत्राने निमूटपणे ४९ छापले, तर चोराला हवी ती वर्दी मिळते. कारण जे यंत्र आज परक्याचा पाढा म्हणते, ते उद्या परक्याचा हुकूमही बजावते. म्हणून तो कंसांतले काहीही चालवून पाहत नाही. आधी त्याचा पदच्छेद करतो, एकेक नाव मंजूर यादीशी ताडतो, आणि किंचित शंका येताच ओळ व अक्षर यांच्या क्रमांकासह ‘नामंजूर’ असा शेरा मारतो. ८ मार्च २०२१ रोजी देशभरातील व्यापारी संदेश नोंदणीकृत नमुन्यांशी ताडण्यास आरंभ झाला, तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाला ती व्यवस्था सात दिवस तहकूब करावी लागली. लोक त्या दिवसाला गैरसोय म्हणतात. हा त्याला सुवर्णयुग म्हणतो, अल्पायुषी असले तरी.

गेल्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयाच्या काकाजींनी ‘वऱ्हाडी_संख्या’ हे नाव टंकले. यादीतही तेच होते. तरी शेरा आला, ‘अज्ञात नाम’. दोन्ही शब्द एकाखाली एक मांडून पाहिले, तरी डोळ्यांना भेद दिसेना. उलगडा झाला तो असा, की ‘ह’च्या आधीचा तो आखूड ‘र’ संगणकात दोन रीतींनी नोंदवता येतो: एकदा स्वतंत्र अक्षराने, एकदा साध्या ‘र’ला अदृश्य सांधा जोडून.

“म्हंजे आमचं वऱ्हाड दोन-दोन खेपा लिहा लागते काय बाप्पा?”

दोन्ही रूपे एकच मानण्याची तजवीज करणे मुळीच अवघड नव्हते. परंतु आज ‘र’ला सवलत दिली तर उद्या ‘ल’ दारात उभा राहील, या भयाने त्याने ती नाकारली आणि काकाजींकडून फेरअर्ज घेतला.

तो मंजूर झाला. कंस जुळलेले, नावे बिनचूक, संदेश गावोगाव रवाना. फक्त काकाजींच्या गडबडीत ‘चि. सौ. कां.’ ही उपाधी वराच्या कंसामागे लागली होती. नवरदेवाचे वडील धापा टाकीत माडी चढून आले, तेव्हा याने नमुना पुन्हा नखशिखांत तपासला, कोठेही दोष नसल्याची खात्री करून घेतली आणि नम्रपणे म्हणाला,

“कंसाच्या बाहीरचा मजकूर आपल्या अखत्यारीत येत नाही जी.”