आयत्या वेळचा विषय

आमच्या गल्लीच्या नागरिक संघाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भरते. खुर्च्या मांडायच्या म्हणजे आतल्या गाड्या बाहेर काढाव्या लागतात. त्या गल्लीत लागतात. गल्ली तुंबते. आणि 'गल्ली तुंबते' हाच बैठकीचा पहिला विषय असतो. एखाद्या नव्या भाडेकरूला विषयाचं गांभीर्य कळलं नाही, तर सेक्रेटरी नुसता हात करून बाहेर दाखवतात.

गल्ली पुण्याच्या एरंडवण्यातली, कागदावर सहा मीटर रुंद. अध्यक्ष बँकेतून निवृत्त, सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून. खजिनदार अजून नोकरीत आहेत, त्यामुळे त्यांना कोणी बोलू देत नाही. मी प्रसिद्धिप्रमुख, म्हणजे फळा मी लिहितो.

गल्लीत पी-१, पी-२ चे खांब आहेत. विषम तारखेला गाड्या एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या. योजना नामी आहे. फक्त तारीख रात्री बाराला बदलते आणि गाड्यांचे मालक सकाळी नऊला उठतात. मधले नऊ तास दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत उभ्या असतात. पण सेक्रेटरींचं दुखणं वेगळं आहे. ते विषम बाजूला राहतात. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे विषमनंतर पुन्हा विषम, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कॅलेंडर घेऊन हिशेब मांडला. वर्षाला विषम तारखा १८६, सम तारखा १७९. 'हे सात दिवस लोकांच्या गाड्या माझ्या फाटकासमोर जास्तीच्या का?' असा अर्ज त्यांनी क्षेत्रीय कार्यालयात दिला. तो दप्तरी दाखल झाला. लीप वर्षात एक दिवस आणखी वाढतो, तेव्हा स्मरणपत्र जातं.

खरी व्यवस्था मात्र खांबांवर नाही, डब्यांवर चालते. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतायचं, मध्ये लोखंडी गज रोवायचा आणि तो डबा आपल्या घरासमोर रस्त्यावर ठेवायचा. ही आमच्याकडची मालमत्तेची सनद. डबा नसेल तर फुटकी कुंडी, पोराची जुनी सायकल, दोन विटांवर टेकवलेली फळी. शेवटच्या बंगल्यातल्या आजी सगळ्यांच्या पुढे गेल्या. त्यांनी रस्त्यावर तुळस ठेवली. डबा हलवता येतो, तुळस कोण हलवणार? गेल्या कार्तिकात तिचं लग्नही लागलं. वऱ्हाडी आम्हीच, गाड्या पलीकडच्या गल्लीत लावून गेलो होतो.

लोकसहभागाच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे २००६-०७ पासून आपल्या शहरात नागरिकांना छोटी कामं सुचवता येतात त्या योजनेतून, आम्ही एक बाकडं मागितलं होतं. ज्येष्ठांना बसायला. ते आलं, वर नाव रंगवून आलं. ठेवायला जागा एकच मोकळी होती आणि तिथे कोणीतरी गाडी लावेल म्हणून मोकळी ठेवली होती. आता तिथे बाकडं आहे. त्यावर कोणी बसत नाही, कारण समोर दुचाक्या लागतात. त्यांच्यावर मात्र ज्येष्ठ बसतात.

२०१८ साली पुण्यात नोंदवलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला आणि ३५ लाख माणसं मागे पडली, तेव्हा अध्यक्षांनी ती बातमी कापून सूचनाफलकात लावली. खाली लाल शाईने 'चिंताजनक'. त्याच सुमारास त्यांच्याकडे तिसरी गाडी आली. पण ती सूनबाईंची आहे, त्यामुळे ती धरायची नाही. त्या वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याचं धोरण मंजूर केलं. संघाने पाठिंब्याचं खणखणीत पत्र दिलं. दुरुस्ती एकच सुचवली होती: 'आमची गल्ली वगळून.' बहुधा सगळ्या पुण्याने हीच दुरुस्ती सुचवली असावी, कारण विरोध होता होता ते धोरण पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरतं उरलं आणि प्रयोगालाही मुहूर्त मिळेना.

पादचाऱ्यांबद्दल आमची भूमिका स्वच्छ आहे. आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. ११ डिसेंबरला पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद होतो, तेव्हा संघाची तुकडी तिथे मुद्दाम चालायला जाते. नारायण पेठेत गाडी लावायला जागा मिळाली तर.

या महिन्याच्या बैठकीत दुसरा विषय होता निवासी भागातला व्यापारी वापर. कोपऱ्यावरच्या बंगल्यात कॅफे निघालाय. तिथली मुलं रात्री अकरापर्यंत दुचाक्यांवर बसून कॉफी पितात. (आमचे ज्येष्ठही दुचाक्यांवरच बसतात, पण ते कॉफी पीत नाहीत.) या विषयावर सर्वांत तळमळीने बोलले ते दुसऱ्या मजल्यावरचे सर. सरांच्या हॉलमध्ये संध्याकाळी बारावीच्या गणिताच्या तीन बॅचेस चालतात. "सर, तोही व्यापारी वापरच ना?" खजिनदारांनी विचारलं. "विद्यादान आणि व्यापार यातला फरक कळत नसेल तर बोलायलाच नको," सर म्हणाले. खजिनदारांना पुन्हा बसवण्यात आलं. त्यांची मुलगी सरांच्या दुसऱ्या बॅचला आहे.

गतिरोधकाचा विषय लवकर संपला. नियमाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, असं सेक्रेटरींनी सांगितलं. गतिरोधक हवा यावर एकमत झालं. तो शेजारच्याच्या घरासमोर हवा यावरही एकमत झालं.

मग अध्यक्षांनी घसा खाकरून आयत्या वेळचे विषय पुकारले.

आता थोडं मागे जायला हवं. २०२० साली महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला होता. त्याची मेख अशी की नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला वाढीव बांधकामाचा हक्क, वापरता येत नव्हता; आणि टीडीआर नाही म्हणजे जुनी इमारत पाडून उंच बांधणं बिल्डरला परवडत नाही. तेव्हा आमचा संघ पेटून उठला होता. त्या ३२३ मध्ये आपली गल्ली आहे की नाही हे बघायच्या आधीच सेक्रेटरींनी चौदा पानी हरकत लिहिली. त्यात पाणी होतं, ड्रेनेज होतं, सूर्यप्रकाश होता आणि नवव्या पानावर बुलबुल होते. मी फळ्यावर लिहिलं होतं: 'रस्ता वाढला, गल्ली गेली!' टाळ्या पडल्या होत्या.

तर आयत्या वेळचा विषय असा, की आमच्या इमारतीकडे एक बिल्डर येऊन गेला. वाढीव कार्पेट, दोन वर्षांचं भाडं, आणि घरटी दोन पार्किंग.

घरटी दोन पार्किंग म्हटल्यावर पार्किंगमध्ये अशी शांतता पसरली की बाहेर कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा सूर स्पष्ट ऐकू आला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बिल्डरला इमारतीखालचं पार्किंग वेगळं विकता येत नाही असं सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडे एका सभासदाने खरेदीची पावती लॅमिनेट करून ठेवली आहे आणि दुसऱ्याने निकाल. दोघं बोलत नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मेकॅनिकल की साधं?" निकालवाले म्हणाले.

"ते नंतर. आधी रस्ता नऊ मीटर व्हायला हवा," अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी चष्मा पुसत होते. "नऊ मीटरला आपला तत्त्वतः विरोध कधीच नव्हता," ते म्हणाले. "विरोध होता तो पद्धतीला."

"आणि बुलबुल हो?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

"वरच्या मजल्यांवर जास्त येतात."

ठराव व्हायला हरकत नव्हती, पण समोरचे बंगलेवाले उठले. तीन मीटर वाढवायचे म्हणजे दोन्हीकडून दीड-दीड. त्यांचं म्हणणं, पुनर्विकास तुमचा, तर तिन्ही मीटर तुमच्याकडून घ्या. आमचं म्हणणं, तुम्ही आधीच रस्त्यात आला आहात. कुठे आलो? तो रॅम्प कोणाचा? पायऱ्या कोणाच्या? सोनचाफ्याचं आळं कोणाच्या बापाचं? तुळशीकडे कोणी बोट दाखवलं नाही, पण बघितलं सगळ्यांनी.

"गल्ली मुळात सहा मीटर तरी आहे का?" खजिनदार म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी बसवलं नाही.

सेक्रेटरी घरून पाटबंधारे खात्याच्या काळातली टेप घेऊन आले. आम्ही सगळे मागोमाग बाहेर. टेप एका कंपाउंडपासून दुसऱ्या कंपाउंडपर्यंत सरळ जायला हवी. मध्ये आमच्याच चौदा गाड्या. त्या हलवायच्या तर कुठे? आत. आत खुर्च्या. खुर्च्या उचलायच्या तर बैठक संपवावी लागेल, आणि बैठक संपली तर मोजणी संघाची राहणार नाही, व्यक्तिगत होईल, असा कायदेशीर मुद्दा सरांनी काढला. शेवटी अध्यक्षांनी बैठक तहकूब केली. तहकूब म्हणजे संपली नव्हे. खुर्च्या उचलल्या. एकेक करून गाड्या आत घेतल्या, त्याला पाऊण तास गेला, कारण ज्याची सर्वांत आत लागते तो दूध आणायला गेला होता.

टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन सेक्रेटरी मागे सरकू लागले आणि थांबले. गल्ली पुन्हा भरली होती. गाड्या ओळखीच्या नव्हत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, पलीकडच्या गल्लीतल्या. त्यांच्याही संघाची त्या दिवशी बैठक होती.