बँडविड्थराव

बँडविड्थराव 'नाही' म्हणत नाहीत. 'या आठवड्यात बँडविड्थ नाही' म्हणतात. मूळचे नांदेडचे, मुक्काम कोंडापूर, नोकरी हैदराबादच्या हायटेक सिटीत. तिथल्या गोल सायबर टॉवर्सचं उद्घाटन वाजपेयींनी १९९८ साली केलं आणि माधापूरपासून गच्चीबावलीपर्यंत ही जमात फोफावली. गळ्यातलं ओळखपत्र ते फक्त अंघोळीला उतरवतात, असं वहिनी सांगतात.

परवा वहिनी म्हणाल्या, "अहो, गॅस संपलाय. नंबर लावा."

"हे आपण ऑफलाइन घेऊ."

"ऑफलाइन कुठलं? हल्ली ऑनलाइनच लावावा लागतो!"

गॅस वहिनींनीच लावला. रावांनी 'थँक्स फॉर टेकिंग ओनरशिप' असं कळवलं. तेही स्वयंपाकघरापासून दहा पावलांवरून, मेसेज करून.

हे रक्तातच असावं. आजोबा निजामाच्या अमलात कचेरीत होते. सरकारी भाषा उर्दू. घरी येऊन मिसल, तामील, मुचलका असं काहीबाही बोलत, आणि आजी कृतार्थ होऊन ऐकत. नवऱ्याचं बोलणं कळत नाही, म्हणजे नोकरी मोठी! रावांच्या आई मात्र फरक करतात. "मामंजींचं निदान पेशकाराला तरी कळायचं."

याच शहरात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालं. त्यासाठी खास भाषांतराचं खातं होतं. रसायनशास्त्रापासून इतिहासापर्यंतचे इंग्रजी ग्रंथ तिथे उर्दूत उतरत. तसलं एक खातं माधापुरात उघडायला हवं. 'लेट्स सर्कल बॅक' म्हणजे 'विसरा आता', एवढं जरी नव्या पोरांना कुणी सांगितलं, तरी त्यांच्या कितीतरी रात्री वाचतील.

वेळेच्या बाबतीत राव अस्सल हैदराबादी. इथल्या माणसाचं 'परसों' म्हणजे कालच्या आधीचा दिवस किंवा कालच्या आधीचं वर्ष, काहीही. रावांचं 'ईओडी', म्हणजे 'दिवसअखेर', तेवढंच ऐसपैस, फक्त उलट्या दिशेला.

पण मध्यंतरी त्यांना गुरू भेटला. टोकियोचा क्लायंट. जपानी कचेऱ्यांत इंग्रजी शब्द घेतात, हवे तिथे छाटतात आणि आपल्या उच्चारात बसवतात. मुद्दे 'अजेंडा', सहमती 'कोन्सेन्सासु'. इथवर राव मान डोलावत होते. मग पलीकडून गंभीर चेहऱ्यानं आलं, "रिस्के."

राव सावरून बसले. "शुअर! रिस्केसाननाही लूपमध्ये घेऊ. त्यांचा ईमेल पाठवता?"

पलीकडे शांतता. दुभाषी बाईंनी घसा खाकरला आणि हळूच सांगितलं, की रिस्के म्हणजे रीशेड्यूल. साहेबांना ही मीटिंग पुढे ढकलायची आहे.

"ॲब्सोल्युटली," राव म्हणाले, "वी आर फुल्ली अलाइन्ड."

आता टीममध्ये कुणी रजा मागितली, की राव म्हणतात, "रिस्के कर."