केबल खोक्यातच राहिली

लाईट गेली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘बॅकअप किती वेळ?’ घरात सर्व्हर ठेवणाऱ्यांनी हा प्रश्न सोडून द्यावा. सर्व्हर नीट बंद व्हायला किती वेळ लागतो आणि त्याला ‘बंद हो’ असं सांगतं कोण, हे विचारावं.

जुन्या संगणकावर प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर बसवायचं आणि त्यात चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवायची, हे आता कॉलेजातली मुलंही करतात. एकात घरचे फोटो, एकात दुकानाची बिलं, एकात स्कॅन केलेली सात-बाराची कागदं. बाहेरून एक डबा, आत पाच बिऱ्हाडं. लाईट जाते तेव्हा पाचही एकदम कोसळतात, लिहिता लिहिता. आतल्या मशीनला वाटतं, डिस्कवर उतरलं. प्रत्यक्षात तो मजकूर अजून कॅशमध्येच असतो. बहुतेक वेळा डेटाबेस सावरतो. गेल्या पावसाळ्यात माझा सावरला नाही. फोटो राहिले, पण कोणता कुठला, कोण कोण त्यात, ही वर्षानुवर्षांची नोंद गेली. यूपीएस होता, चालूही होता. बॅटरी संपत आल्याचं तो सर्व्हरला सांगू शकला नाही, कारण त्याची यूएसबी केबल खोक्यातच होती.

तेव्हापासून प्रत्येकाला हेच सांगतो: यूपीएस घेताना आधी पाठीमागे बघा. ६०० व्हीएच्या कित्येक स्वस्त मॉडेलांना यूएसबी पोर्टच नसतो. घरगुती इन्व्हर्टर तर बहुतेक मुकेच. ते वीज देतात, निरोप देत नाहीत.

निरोप पोचवायला ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे फुकट सॉफ्टवेअर आहे. लाईट गेल्याचं ते ओळखतं आणि सर्व्हरला आवरायला लावतं. मात्र ‘बॅटरी संपत आली’ या इशाऱ्याची वाट बघू नका. घरगुती यूपीएसमध्ये बहुतेकदा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. ६० वॅटचा सर्व्हर त्यावर सव्वा तासाहून जास्त चालायला हवा. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी चालतो, आणि तीन वर्षांच्या बॅटरीवर कधी कधी मोजून काही मिनिटं. तिचा इशारा येतो तोवर ती बसलेली असते. म्हणून घड्याळ लावा: तीन मिनिटं लाईट आली नाही, की आवरायला सुरुवात.

आवरण्यालाही क्रम असतो. प्रॉक्समॉक्समध्ये मशीन सुरू करण्याचा क्रम देता येतो: डेटाबेस आधी, त्यावर विसंबलेली मशीन नंतर. बंद होताना हाच क्रम उलटा चालतो. मशीनला बंद व्हायला मुळात १८० सेकंद मिळतात, मग ते जबरदस्तीनं बंद केलं जातं. मोठ्या डेटाबेसला ती मुदत वाढवून द्या.

लाईट परत येते तेव्हाही सावध राहा. आपल्याकडे ती एकदाच येत नाही. येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते. सर्व्हर लगेच उठला तर रिकाम्या बॅटरीवर दुसऱ्यांदा पडतो. बॅटरी थोडी भरल्यावरच त्याला उठू द्या.

हे सगळं लिहून ठेवलं, सेट केलं, तरी काम झालं असं समजू नका. येत्या रविवारी सकाळी डेटाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. हात लावू नका, नुसतं बघत बसा. एकेक मशीन बंद होईल, शेवटी पंखा थांबेल. तिथवर किती मिनिटं लागली ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा प्लग काढा. बॅटरी म्हातारी होताना सांगत नाही, तिला विचारावं लागतं.