हुडकेश्वर ते कऱ्हांडला, अंदाजाने

नागपुरात एसी लावायचा तो उन्हाळ्यात. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. यंत्रच बिघडलं होतं असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला, पण आमच्या हुडकेश्वरात तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. आम्हाला यंत्राचंच पटलं होतं. अशा गावात जानेवारीच्या पहाटे, पारा आठ-नऊवर असताना, 'एसी लावा' म्हणणारा माणूस येड्यातच निघतो.

आम्ही वाघ पाहायला निघालो होतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आमच्यासाठी अगदी घरामागचं. हुडकेश्वर रोडवरून आउटर रिंग रोड, तिथून उमरेड रोड, की लागलंच. स्टिअरिंगवर भाऊजी. शेजारच्या सीटवर मोठेबाबा, कारण त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं घराण्याने पाहिलेलं नाही. मागे मोठीआई, ताई, मी, आणि तिघांच्या मांड्यांवर आळीपाळीने भाचा. मोठीआईच्या पायांशी पोह्यांचा डबा आणि तर्रीची किटली, दोन्ही गरम. 'जय' भेटेल अशी मोठेबाबांना अजून आशा होती. नागझिऱ्याहून चालत आलेला तो वाघ एप्रिल २०१६ नंतर कोणालाच दिसलेला नाही, हे त्यांना सांगून झालं होतं. "तुमाले नसंन दिसला," ते म्हणाले.

ले-आउटच्या रांगा संपायच्या आतच काचा पांढऱ्या झाल्या.

"जावईबापू, समोरचं काई दिसून राह्यलं का?"

"अंदाजानं चाललो, मोठेबाबा."

यात दोष कोणाचाच नव्हता, हिशेबच तसा होता. बंद गाडीत हवा असते तीनेक घनमीटर. दहा अंशांना घनमीटरभर हवेत साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, म्हणजे अख्ख्या गाडीत पोह्याचे दोन चमचे पाणी. त्यावर जे होईल ते गार काचेवर जाऊन बसतं. शांत बसलेला माणूसही श्वास आणि घाम मिळून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आम्ही सहा जण होतो, आणि शांत कोणीच नव्हतो. शिवाय तर्री.

उपाय प्रत्येकाकडे होता. भाऊजींनी तळहाताने काच पुसली. तळहाताचं तेल काचेला लागलं आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा एक दिवा आम्हाला दहा ठिकाणी दिसू लागला. ताईला कुठूनसं कळलं होतं की कापलेला बटाटा चोळावा. बटाटा नव्हता, तेव्हा मोठीआईने डबा उघडून पोह्यातली फोड काढून दिली. डबा उघडताच मागची काच गेली, आणि फोड चोळल्यावर पुढची पिवळी झाली. भाच्याने त्याच्या बाजूला बोटाने वाघ काढला. मोठेबाबांनी मात्र खिशातून ब्रह्मास्त्र काढलं: सुपारी-तंबाखूचा खर्रा. बंदी असलेला, आणि म्हणून सगळीकडे मिळणारा.

"टरकवाले पाण्यात काचेले तंबाखूच घासतेत," ते म्हणाले. हे खरं आहे. पण ते बाहेरून घासतात. पावसाचे थेंब गोळा न होता पसरून वाहावेत म्हणून. आतून थोडा शाम्पू कापडावर घेऊन कोरडा होईस्तोवर पुसला तर तेच काम तोही करतो, आणि त्याला सुपारी लागत नाही. हे मी बोललो नाही. मोठेबाबांचा हात तोवर काचेवर फिरत होता.

मी एवढंच म्हणालो, "एसी लावा."

"हिवाळ्यात एसी? काऊन बापा, मारतं का आमाले?" मोठीआईने शाल डोक्यावरून घेतली.

विलिस कॅरिअर या इंजिनिअराने १९०२ साली ही यंत्रणा आखली ती माणसांना गार करायला नव्हेच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग एकमेकांवर नीट बसत नसत. तिथली हवा ताब्यात आणायची होती. गाडीतला एसीही हवेतलं पाणी गार नळ्यांवर पकडतो आणि खाली गाळतो. मे महिन्यात गाडीखाली थारोळं दिसलं की मोठेबाबा 'इंजिन फुटलं' म्हणून मेकॅनिक बोलावतात, तेच ते पाणी. तापमानाची खुंटी लाल बाजूला फिरवली की ही वाळवलेली हवा इंजिनाच्या उष्णतेवर गरम होऊन येते. मोठीआईला थंडी वाजण्याचं काही कारण नव्हतं. पण कॅरिअर तिच्या माहेरचा नव्हता.

खरी मेख डॅशबोर्डवर होती. गाडीच्या पोटात बाण वळलेला असतो ते बटण भाऊजींनी मागच्या उन्हाळ्यात दाबलं होतं, ते तसंच. म्हणजे आमचीच हवा आम्हाला परत, तर्रीसकट. उन्हाळ्यात ते बरोबर, गारवा लवकर येतो. या थंडीत बाहेरची गार हवा आत घेतलेली बरी. गार हवेत मुळात वाफ कमी.

पाचगावच्या अलीकडे तीन गोष्टी एकदमच घडल्या. मी मधून हात घालून ते बटण सोडलं, एसी लावला, खुंटी लाल केली. मोठेबाबांचं काचेवर खर्रा घासणं संपलं. आणि उरलेला तोंडात गेला असल्याने त्यांना थुंकायला खिडकी खाली करावी लागली, ती त्यांनी उमरेडपर्यंत दर दोन मिनिटांनी केली. काच निवळली. समोर रस्ता होता, आणि आम्ही त्याच्या बऱ्याच डावीकडे होतो.

"पाह्यलं?" मोठेबाबा म्हणाले.

सफारीत जिप्सी उघडी होती. काचेचा प्रश्न नव्हता, वाघाचाही पडला नाही. परतताना ऊन कडक झालं, तसं मोठीआईनेच "एसी लावा ना आता, जीव जाऊन राह्यला" म्हणून फर्मावलं.

संध्याकाळी ले-आउटच्या तोंडाशी पानठेल्यावर मोठेबाबा प्रयोग समजावून देत होते. सुपारी बारीक हवी, चुना कमी, आणि घासायचं ते गोल गोल. ऐकणाऱ्यांपैकी एकाने दोन खर्रे सांगितले: एक खायचा, एक गाडीचा.