कोंबडा बदलला, आता तीन आठवडे थांबा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात निवृत्त सर शिरले तेव्हा मिस्त्री कूलरचा स्टँड जोडत होते. सरांच्या हातात आलेखाचा कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा आणि वर ठळक अक्षरांत शीर्षक: 'घरगुती कुक्कुट प्रजनन कक्ष'.

मिस्त्रींनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. "खुराडं म्हणा की ओ सर. कक्ष म्हटलं की जीएसटी लागतंय."

"खुराडं वेगळं. त्यात कोंबड्या रात्री डांबायच्या, बस्स. इथं निवडक कोंबडा, निवडक कोंबड्या. कुठल्या पिल्लाचा बाप कोण, हे वहीत लिहिता आलं पाहिजे."

"म्हणजे विवाह नोंदणी कार्यालय."

"तसं समजा."

मिस्त्रींनी कागद आडवा धरला, उभा धरला. त्यांच्या घरी आजोबांपासून कोंबड्या आहेत. सरांच्या घरी पुस्तकं. त्यामुळे संवाद बरोबरीचा होता असं म्हणायला हरकत नाही.

"उंची तीन फूट लिहिलीय. अंडी काढायला आत कोण जाणार?"

"मीच."

"आणि गुडघ्याचं ऑपरेशन कुणाचं झालंय?"

सरांनी खोडरबर काढलं. उंची सहा फूट झाली.

मग संख्येचा विषय निघाला. सरांनी शासनाच्या योजनेचा दाखला दिला. पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा गटात, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांच्या गटात, 25 माद्या आणि 3 नर धरलेले असतात. "भागाकार केला तर एका नरामागे 8.33 माद्या."

"ही पॉइंट तेहेतीस कोंबडी कुठं बसवू?"

"विनोद पुरे. तीनही कोंबडे एकत्र सोडले तर?"

"दोघं मारामारी करतील, तिसरा बाप होईल. तुमच्या वहीत काय लिहिणार?" मिस्त्रींनी खडूनं फरशीवर तीन चौकोन काढले. "तीन कप्पे. आठ, आठ आणि नऊ. प्रत्येकात एक कोंबडा. देशी जातीत एकाला आठ-दहा पुरे. कोंबड्या फार कमी ठेवल्या तर त्याच त्या कोंबडीवर चढून तिच्या पाठीची पिसं उडवतंय." पक्ष्याला साधारण चार चौरस फूट धरले, तर नऊ-दहा पक्ष्यांना सहा बाय सहा फुटांचा कप्पा लागतो. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद-उंच खोकी कप्प्यामागे दोन. "दोन दिली तरी सगळ्या एकाच खोक्यात रांग लावतील, तो भाग वेगळा."

नकाशात जाळी षटकोनी होती, स्वस्तातली. मिस्त्रींनी कोपऱ्यातला एक तुकडा उचलला आणि पिळाच्या जागी दोन बोटांनी ओढला. पीळ सुटला, भोक मोठं झालं.

"ही जाळी कोंबडी आत ठेवायला. मुंगूस बाहेर ठेवायला नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश, आणि तीच फूटभर जमिनीत पुरायची. नाहीतर घूस खालून येती."

"खर्च वाढतोय."

"कोंबडी गेल्यावर जाळीचा हिशेब कोण करतंय ओ?"

कप्पे ओळीत मांडले की अठरा फुटांची लांबी होते. सरांनी ती उत्तर-दक्षिण धरली होती. वास्तूत बसत होती म्हणे. मिस्त्रींनी मान हलवली. लांबी पूर्व-पश्चिम असली की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड बाजूंवर पडतं, आतपर्यंत शिरत नाही. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडतो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा मुख्य कूलर.

"वर पत्रा टाकू," सर म्हणाले.

"टाका. त्यावर चुना मारा, वर कडब्याचा नाहीतर उसाच्या पाचटाचा थर द्या. नुसता पत्रा टाकलात तर मे महिन्यात तंदुरी तयारच."

"बाजूंना जुन्या सोलापुरी चादरी भिजवून सोडल्या तर? घरात ढीग आहे."

"चादर जाड, वाळत नाही, कुबट वास मारती. गोणपाट बरं. पण भिजवायला पाणी कुठंय? नळ तर चार-चार दिवस तोंड दाखवत नाही."

यावर सरांकडे उत्तर नव्हतं. ते महापालिकेकडेही बरीच वर्षं नाही.

"बरं, जात कुठली?"

"गिरिराजा किंवा वनराजा."

"एक बेंगळुरूची, एक हैदराबादची, दोन्ही चांगल्या. पण त्या संकरातनं काढलेल्या. त्यांच्या पोटची पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत. ती दरवेळी विकतच आणायची."

"मग कडकनाथ! झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय."

"आणि 2019 मध्ये इस्लामपूरकडचं कडकनाथ प्रकरण उघडकीला आलं. पक्षी घ्या, अंडी आम्ही परत घेतो, म्हणून लोकांचे कोट्यवधी रुपये अडकले. कोंबडी काळी होती, तिचा काय दोष?" जात ठेवायला गावरान किंवा असील बरी, विकत घेणारा दाराशी असतो, असं मिस्त्रींचं मत. लेखकाचंही.

सर आता खुलले. 1902 साली बेटसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवलं, असं त्यांनी सांगितलं.

"तुऱ्याला बाजारात काय भाव मिळाला त्याला?"

सरांनी विषय बदलला. "दरवर्षी पहिल्या कप्प्यातला कोंबडा दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात. पोरी आईच्याच कप्प्यात राहतील. म्हणजे बाप-लेकीची गाठ पडणार नाही."

"म्हणजे शिक्षकांसारख्या बदल्या, पण पोर्टलशिवाय. झकास!"

"आणि बदलीच्या दिवसापासून वहीत नवा बाप."

"तिथं चुकताय." मिस्त्रींनी आवाज खाली आणला, जणू शेजारच्या दुकानात कोंबड्या ऐकत होत्या. "कोंबडा गेला तरी त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतंय. कोंबडा नवा, पिल्लू जुन्याचं."

सर क्षणभर गप्प. "म्हणजे बाजारातून आणलेल्या कोंबड्याही..."

"माहेरची आठवण घेऊनच येत्यात. तीन आठवडे अंडी उबवायला घालायची नाहीत."

"त्या अंड्यांचं करायचं काय?"

"भुर्जी."

शिवाय नवा पक्षी तेवढेच दिवस वेगळा डालग्याखाली ठेवायचा, नाहीतर एका पाहुण्यापायी मानमोडीचा रोग सगळ्या कप्प्यांत फिरतो. सरांनी हे अधोरेखित केलं.

"मेमध्ये काम पूर्ण होईल ना?" त्यांनी शेवटचं विचारलं. "लगेच अंडी जमवीन."

"जमवून ठेवणार कुठं? कपाटात? उबवायची अंडी 15 ते 18 अंशांत ठेवावी लागत्यात, आठवडाभर. 25 च्या वर गेलं की आतला जीव अर्धामुर्धा वाढतंय आन् मरतंय. तुमच्या कपाटातच चाळीस असतंय."

सोलापूर, बार्शी, मंगळवेढ्याकडे ज्यांना असे कप्पे करायचे आहेत, त्यांनी मिस्त्रीला पावसाळ्यातच गाठावं. ऑक्टोबरपर्यंत पक्षी आत जाऊ द्या, उबवायची अंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जमवा आणि मे महिन्यातली अंडी निवांत खाऊन टाका.