शोरूममध्ये बैलबाजाराचे कपडे

गिऱ्हाईक काचेचं दार ढकलून आत येतं तेव्हा गाड्यांच्या शोरूममधला पोरगा आधी त्याच्या पायांकडे बघतो. मग मनगटाकडे, मग हातातल्या मोबाइलकडे, आणि जमलं तर काचेतून बाहेर, ते कशावर बसून आलं त्याच्याकडे. चेहऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी. तोवर निकाल लागलेला असतो. पायांत बूट असतील तर पोरगा उठून "या सर" म्हणतो. साधी चप्पल असेल तर बसल्या जागेवरून "बोला काका". चपलेला माती असेल तर त्याला अचानक मागच्या केबिनमध्ये काहीतरी काम निघतं.

आम्ही नामपूरकर या परीक्षेला बसतो ते नापास होण्याच्या तयारीनेच. मोसम खोऱ्यातला माणूस नाशिकला गाडी बघायला निघाला म्हणून शेत काही त्या दिवशी सुट्टी देत नाही. पहाटे डाळिंबाला पाणी सोडायचं, कांद्याच्या चाळीकडे एक चक्कर टाकायची, आणि तसंच सटाणा-देवळा मागे टाकत शंभरेक किलोमीटर जायचं. पायजमा, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. नखांच्या कडेला बोर्डो मिश्रणाचा निळसर डाग, जो कुठल्याही साबणाला दाद देत नाही. अंगाला कांद्याचा वास, आणि एसीत तो जरा जास्तच कळतो. सोबत दोघे असतातच. एक मेहुणा, ज्याला गाड्यांतलं कळतं असा घरात समज आहे. दुसरा शेजारी, ज्याला त्या दिवशी काम नव्हतं. तिघांपैकी एकही सोफ्यावर टेकत नाही. गाडीला प्रदक्षिणा घालतात, टायर अंगठ्याने दाबून बघतात, डिकी उघडतात, लावतात, परत उघडतात. मग हळूच अहिराणीत, "कितलानी शे भो ही?"

आता यातली गोम सांगतो. हा अवतार निव्वळ घाईमुळे असतो असं कुणी समजू नये. त्यात डाव असतो, आणि तो बैलबाजारातून आलेला आहे. मालेगावच्या जनावरांच्या बाजारात इस्त्रीचे कपडे घालून जाणं म्हणजे आपण होऊन हजार-दोन हजार जास्त देणं. म्हणून जुने लोक मळकं धोतर नेसून जायचे. जो बैल घ्यायचा त्याच्याकडे बघायचंच नाही, शेजारच्याचे दात मोजायचे, त्याच्या शिंगांना नावं ठेवायची, आणि निघता निघता सहज आठवल्यासारखं खऱ्या बैलाचं विचारायचं. भावही तोंडाने बोलायचा नाही. रुमालाखाली दलालाची बोटं दाबायची. समोरच्याला आपल्या खिशाचा पत्ता लागता कामा नये, हे त्या बाजाराचं पहिलं कलम.

हे कलम घेऊन आमचा माणूस शोरूममध्ये शिरतो. मनात पांढरी मोठी गाडी असते, पण फिरतो तो कोपऱ्यातल्या सगळ्यात स्वस्त मॉडेलभोवती. शोरूमच्या पोराने बैलबाजार पाहिलेला नसतो. त्याला वाटतं, काकांची झेप एवढीच. इथे काकांना वाटतं, पोरगा बरोबर जाळ्यात आला. एकमेकांना पुरतं ओळखल्याच्या समाधानात दोघंही अर्धा तास घालवतात.

पुढची गंमत म्हणजे शोरूममध्ये किंमत छापलेली असते. मळका शर्ट घालून ती एका रुपयाने उतरत नाही. बैलबाजारात ज्या कपड्यांनी पैसे वाचायचे, त्याच कपड्यांनी इथे फक्त पाण्याचा ग्लास वाचतो, तोही शोरूमचा. अर्थात सूट, विमा, सीट कव्हर, जुन्या गाडीचे किती धरायचे, ही सगळी बोलण्यावर ठरणारी कामं आहेत, आणि तिथे चेहरा पुन्हा आडवा येतो. अमेरिकेत इयन एअर्स नावाच्या कायद्याच्या अभ्यासकाने शिकागोच्या आसपासच्या नव्वद शोरूममध्ये माणसं पाठवून पाहिलं होतं. सगळ्यांची बोलायची पद्धत एकच ठरवून दिलेली, कपडेही सारख्याच बेताचे. १९९१ साली निष्कर्ष छापून आला: त्याच गाडीसाठी गोऱ्या पुरुषांपेक्षा बायकांना आणि काळ्या गिऱ्हाइकांना जास्त भाव सांगितला जात होता. तिथे कपडे सारखे करून भागलं नाही, कातडी बदलायची राहून गेली.

पण रागावण्याआधी आपण आपल्याकडेही बघावं. नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव कसा होतो? ट्रॅक्टर उभा, व्यापारी येतो, वरचे चार कांदे उचलतो, अंगठ्याने पत्ती चोळतो, रंग बघतो, मान दाबून बघतो, आणि एका दमात भाव पुकारून पुढच्या ट्रॅक्टरकडे. गोल्टी वेगळी, जोड कांदा वेगळा, खाद वेगळी. चार महिन्यांची मेहनत मिनिटभरात मोजली जाते, आणि ती वरच्या सालीवरूनच. आम्ही "खाली चांगला माल आहे हो" म्हणत राहतो, पण ऐकायला तिथे कुणी थांबलेलं नसतं. शोरूममध्ये उभं राहिल्यावर तीच जुनी कळ उठते. फरक इतकाच, की बाजार समितीत निदान भाव तरी पुकारतात.

त्या पोराचीही बाजू आहे. तोही बहुतेक निफाडचा किंवा चांदवडचा, घरी बापाच्या डोक्यावर हीच टोपी. मालकाने गळ्यात टाय अडकवलाय आणि डोक्यावर महिन्याचं टार्गेट. रविवारी आलेल्यांतले निम्मे गाडीला टेकून फोटो काढायला आणि थंड हवा खायला आलेले. त्याला अंदाज बांधावाच लागतो, आणि अंदाज बांधायला समोर चपलाच असतात. बँकेचं तरी वेगळं काय? फायनान्सवाला पहिल्यांदा आयकराचं रिटर्न मागतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे नुसती शेती करणाऱ्या पुष्कळांकडे रिटर्नच नसतं. आम्ही सातबारा पुढे करतो. तो कागद बघून संगणकाचाही चेहरा पोरासारखाच होतो.

जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरचा एक किस्सा देशभर फिरला. एक शेतकरी महिंद्राच्या शोरूममध्ये बोलेरो पिकअप घ्यायला गेला. विक्रेता म्हणाला, खिशात दहा रुपये नसतील, दहा लाख कुठून आणणार? शेतकऱ्याने तासाभरात दहा लाख आणून ठेवले. पुढे माफी झाली, आनंद महिंद्रांनी माणसाचा मान राखण्याबद्दल जाहीरपणे लिहिलं, गाडी घरपोच झाली. आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तो किस्सा हरिपाठासारखा रोज येत होता. अलवारच्या महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून रोल्सरॉइस गाड्या कचरा वाहायला लावल्या, ही दंतकथाही याच जातीची. पुरावा कुणी दाखवत नाही, सांगणारे मात्र थकत नाहीत.

मला या गोष्टी आवडतात, पण त्या पूर्ण पचत नाहीत. तुमकूरच्या त्या माणसाकडे खरोखरच दहा रुपये असते तर? मग तो विक्रेता बरोबर ठरला असता का? या गोष्टीत मळक्या शर्टाला मान मिळतो तो आतल्या नोटांमुळे. शिवाय आता पिशवीतून नोटा ओतण्याची सोयही कायद्याने उरलेली नाही. एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. सूड घ्यायचा तर आरटीजीएसने घ्यायचा, आणि त्यात नाट्य कसलं! त्यापेक्षा औरंगाबादकरांची रीत बरी. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी गट करून दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. इतक्या गाड्यांची ऑर्डर हातात असताना चपलांकडे कोण बघतो?

आणि आमच्या भागात दहा लाखांचा माणूस आणि दहा रुपयांचा माणूस हे दोन वेगळे नसतातच. २०१८ च्या शेवटी निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये आले. ते त्याने मनीऑर्डर करून पंतप्रधानांना पाठवले. हाच शेतकरी २०१० साली ओबामा भारतात आले तेव्हा त्यांच्याशी बोलायला निवडलेल्या प्रगतिशील शेतकऱ्यांत होता. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि किती जणांच्या मनातली गाडी मनातच उभी राहिली असेल. त्याआधी तेल्या रोगाने आमच्या कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबाच्या बागा उपटायला लावल्या होत्या. चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षी आमच्या अंगावर तोच नेहरू शर्ट असतो. त्यावरून कुणी काय ओळखणार? आमच्या बायकोलासुद्धा लिलावाची पट्टी हातात पडेपर्यंत कळत नाही.

ट्रॅक्टरच्या दुकानात हे प्रश्न येत नाहीत. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या, आधी चहा, मग "गाव कोणतं, विहिरीला पाणी किती?" पारख तिथेही होतेच, पण ती पाण्यावरून होते, आणि पाणी लपवून ठेवायची आम्हाला सवय नाही.

तेव्हा नाशिकच्या शोरूमवाल्यांना एवढंच सांगणं आहे. दाराशी एक चांगलं जाड पायपुसणं टाका, म्हणजे फरशीची काळजी मिटेल. चपला बघण्याआधी सकाळच्या पेपरात नामपूर, सटाण्याचा कांद्याचा भाव बघा. त्यात आमची ऐपत रोज छापून येते. आम्ही कोपऱ्यातल्या स्वस्त गाडीभोवती फिरत असलो तर लगेच विश्वास ठेवू नका. आणि भाव कितीही पडलेला असला, आम्ही नुसती थंड हवा खायला आलो असलो, तरी पाणी विचारा. नामपूरहून आलेल्याला तहान लागलेली असते.