डबल स्टँड

मोटारसायकल सोडलेला माणूस तुम्ही विचारायच्या आतच कारण सांगून मोकळा होतो. कुणाची पाठ, कुणाचा मणका, कुणाला मुलगी झाली म्हणून, कुणाला बायकोने गणपतीपुढे उभं करून शपथ घातली म्हणून, आणि ज्यांना यातलं काहीच झालेलं नाही ते पुण्याच्या रहदारीवर बिल फाडतात. ही सगळी कारणं मीही आलटूनपालटून वापरली आहेत. समोरचा हाडांचा डॉक्टर असेल तर मी रहदारी सांगतो, आणि समोरचा वाहतूक शाखेत असेल तर पाठ सांगतो. खरं कारण मी आजवर घरातसुद्धा बोललेलो नाही. तुम्ही आपले म्हणून सांगतो, पण आधी चहा घ्या, निवतोय.

मला गाडी डबल स्टँडला लावता येत नाही.

ज्यांना लावता येते त्यांना यात अडचण काय, हेच मुळी कळत नाही. माझा मामा त्यातला. राहणार सातारा, आज सत्तरीच्या पुढे आणि अजूनही येझदीवर. त्याने मला हे शास्त्र अंगणात उभं करून शिकवलं होतं. डावा हात हँडलला, उजवा सीटखालच्या कडीला, उजव्या पायाने स्टँड खाली दाबायचा, त्याची दोन्ही टोकं जमिनीला टेकली हे तळपायाला कळतं, आणि ते कळलं की सगळा देह त्या पायावर सोडून द्यायचा. गाडी उचलायची नाही, ती आपणहून मागे चढते. "वजन दे रे, जोर लावू नकोस," मामा ओरडायचा. वजन माझ्याकडे तेव्हाही भरपूर होतं. मी ते सगळं दातांवर द्यायचो.

याची जाहीर वाच्यता झाली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मी नोकरीला लागलो तेव्हा. पहिल्या महिन्यात छाप पडावी म्हणून मामाची येझदी मागून आणली होती. ऑफिसच्या आवारात गाड्या एका ओळीत उभ्या असत आणि मला जागा मिळाली ती ओळीच्या तोंडाशी. साइड स्टँडला लावून निघून गेलो असतो तर आज हा लेख वाचायची वेळ तुमच्यावर आली नसती, पण जिन्यात दोन-चार मंडळी उभी होती, आणि बघणारं कुणी असलं की माझ्या अंगात बळ संचारल्याचा भास होतो. मी कडी धरली, दात आवळले आणि उचलली. गाडी अर्धी चढली, क्षणभर विचारात पडली आणि पलीकडे गेली. पलीकडे कॅशियरबाईंची लूना होती, लूनाच्या पलीकडे शिपायाची एम-एटी, तिच्या पलीकडे कुणाची तरी नवीकोरी हिरो होंडा सीडी हंड्रेड, आणि सगळ्यात शेवटी, भिंतीच्या सावलीत, साहेबांची चेतक. प्रत्येक गाडी पडताना वेगळा आवाज करते, हे मला तोवर माहीत नव्हतं. लूना खुळखुळली, एम-एटी धपकन बसली, सीडी हंड्रेडचा आरसा फुटला आणि चेतकचा पत्रा असा वाजला की वरच्या मजल्यावरचे टाइपरायटर थांबले. लूना आणि चेतक ही दोन्ही मॉडेलं १९७२ ची, सीडी हंड्रेड १९८५ चं. देशातल्या दुचाकीचा सगळा अलीकडचा इतिहास माझ्या पायाशी आडवा पडला होता. त्या चेतकसाठी साहेबांच्या वडिलांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, हे साहेबांनी मला त्याच दिवशी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. चेतकला तेव्हा तेवढी रांग असायचीच. माझं काम मात्र तीन सेकंदांत झालं.

पण जिव्हारी लागलं ते वेगळंच. चौघांनी मिळून गाड्या उभ्या केल्या, मी मामाची येझदी धरून घाम पुसत होतो, तेवढ्यात कॅशियरबाई "व्हा हो बाजूला" म्हणाल्या आणि पायाच्या एका दाबासरशी त्यांनी ती डबल स्टँडला लावून टाकली. डब्याची पिशवी त्यांच्या कोपराला अडकवलेली होती. ती त्यांनी खालीसुद्धा ठेवली नाही.

आता येझदीविषयी. ही गाडी म्हैसूरच्या कारखान्यात व्हायची, आणि तिचं वैशिष्ट्य असं की तिची किक आणि तिचा गिअर हा एकच दांडा. आत दाबून मागे फिरवला की किक. गाडी सुरू झाली की तोच दांडा पुढे आणायचा, की झाला गिअर. ज्याने कुणी हे डोकं लढवलं त्याला मी मनापासून मानतो, पण त्याने माझा विचार केलेला नव्हता. सिग्नलला गाडी बंद पडली की मी दांडा मागे घेऊन किका मारायचो, गाडी सुरू व्हायची, मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आणि त्या गडबडीत दांडा पुढे आणायचं राहूनच जायचं. मग मी अलका टॉकीजच्या चौकात, इंजिन फुल्ल रेस करून, डाव्या पायाने हवेत गिअर शोधत, जागच्या जागी. दोन्ही सायलेन्सरमधून टू-टी ऑइलचा असा धूर निघायचा की मागच्या मंडळींना मी दिसेनासा व्हायचो. त्यातल्या त्यात तेवढीच अब्रू.

गाडी पुरतीच बंद पडली तर मी काय करायचो, हे सांगायला खरं तर मला लाज वाटते, पण लाज हाच तर इथला मुद्दा आहे. मी ढकलायचो नाही. ढकलत निघालेला माणूस लोकांना दिसतो, कुणीतरी ओळखीचं "काय झालं?" म्हणून विचारतं, आणि काय झालं ते मला माहीत नसायचं. म्हणून मी गाडी कडेला घ्यायचो आणि मुद्दामच थांबलोय असा चेहरा करून समोरच्या पाट्या वाचत उभा राहायचो. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील', 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल', 'चौकशी करू नये'. मोबाइल आल्यावर आयुष्य फार सुखाचं झालं. बंद गाडीवर बसून कानाला फोन लावला की माणूस महत्त्वाचा दिसतो.

मामाला यातलं काही ठाऊकच नाही. त्याची येझदी बंद पडली की तो उतरतो, पेट्रोलचा कॉक बंद करतो, पायजम्याला हात पुसतो आणि ढकलू लागतो. पोवई नाक्यापासून घरापर्यंत चढ आहे की उतार याची त्याला फिकीर नाही. जाताजाता दोघांशी गप्पा मारतो, एका टपरीवर चहा घेतो. पालखीबरोबर निघालेल्या माणसाच्या तोंडावर असावा तसा त्याच्या तोंडावर भाव असतो. घरी आल्यावर प्लग काढून पॉलिश पेपरने घासतो, फुंकर मारतो, उजेडात धरून बघतो. मामी आतून विचारते, "आज कुठून ढकलली?" तोही कौतुकाने सांगतो. जेवताना दुसरा विषय नाही.

तर आता कळलं असेल. चालवणारे आणि सोडणारे यांच्यात धाडसाचा फरक आहे, रक्ताचा फरक आहे, असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. मामा पक्का भित्रा माणूस आहे. कुत्र्याला घाबरतो, मामीला घाबरतो, खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे निमूट तिसऱ्या गिअरवर राहतो. फक्त गाडी ढकलायला तो लाजत नाही.

एकदा जुलैतल्या दुसऱ्या रविवारी तो मला जावा-येझदीवाल्यांच्या मेळाव्याला घेऊन गेला. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, तरी ही मंडळी दर वर्षी जमतात. मला वाटलं होतं, लेदरची जाकिटं, गॉगल वगैरे असेल. तसे काही होते, पण ते फोटो काढून लवकर गेले. उरलेले आपापल्या गाडीखाली उताणे. कुणाचा कार्बोरेटर मिरजेत सापडला, कुणाला कुठल्या जुन्या बाजारात हेडलाइटची काच मिळाली, याच्यावर तासभर. मी एका पांढऱ्या मिशीवाल्यांना विचारलं, "आजोबा, या वयात अजून का चालवता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दहाचा पाना दे." मी चौदाचा दिला.

माझ्या ऑफिसातले सीडी हंड्रेडवाले कुठे गेले असतील, असा विचार तेव्हा मनात आला. लिटरला ऐंशी किलोमीटर ॲव्हरेज सांगणारी ती गाडी आली आणि मोटारसायकल चालवणं एकदम सोपं झालं. किक मारा, निघा, पेट्रोल कधी भरलं होतं ते आठवत बसा. त्या लोकांनी पुढे हप्ते बसल्यावर चारचाकी घेतली आणि सीडी हंड्रेड विकली, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ज्या गाडीने कधी रडवलं नाही, तिच्यासाठी रडायचं तरी काय? माझं दुखणं याहून अवघड. मला येझदीने रडवलं, आणि तरीही मी तिचा झालो नाही.

शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. उलट जरा जास्तच केला. 'गाडी तिथेच जाते जिथे तू बघतोस' हा मामाचा पहिला धडा. म्हणजे समोर खड्डा असेल तर खड्ड्याकडे बघायचं नाही, त्याच्या बाजूच्या रस्त्याकडे बघायचं. जगभरचे गाडीवाले हेच सांगतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यापाशी रस्त्यात म्हैस उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंनी एसटी जाईल एवढी जागा होती, आणि मी मनात 'म्हशीकडे बघायचं नाही, म्हशीकडे बघायचं नाही' म्हणत तिच्याकडे टक लावून होतो. वेग बेताचा होता म्हणून बरं. म्हैस जागची हलली नाही. तिने मान वळवून मला एकवार पाहून घेतलं आणि रवंथ पुढे चालू ठेवलं.

दुसरं ज्ञान पुस्तकातून मिळालं. वेगात असताना मोटारसायकल डावीकडे वळवायची तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलायची असते. चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि वळते. आयुष्यभर चालवणारे सगळेच हे करतात, आपण करतो हे त्यांच्या गावीही नसतं. मीही करत होतो. हे वाचलं आणि त्या दिवसापासून मला वळता येईना. कर्वे रोडला आतल्या बाजूला घर असलेला माणूस सरळ वारज्याला पोचायला लागला.

हेल्मेटचं तेवढं मी सुरुवातीपासून पाळलं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि हेल्मेटची गरज दाखवून दिली. पुण्यात तो विषय अजून चर्चेला आहे. मी मात्र हेल्मेट घातलं ते डोक्यासाठी नव्हे. गाडी पडली तर आपण कोण ते कळू नये, ही माझी दूरदृष्टी. एकदा लक्ष्मी रोडला ऐन दिवाळीच्या गर्दीत गाडीसकट आडवा झालो, काच खाली होती, मनात म्हटलं, वाचलो. तेवढ्यात फुटपाथवरून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, हे आपले दुसऱ्या मजल्यावरचे! मी पोटावरूनच ओळखलं."

मधे चे गव्हेराच्या डायरीने थोडा धीर दिला. १९५२ साली तो आणि त्याचा मित्र नॉर्टन मोटारसायकलवर दक्षिण अमेरिका पालथी घालायला निघाले. ती नॉर्टन वाटेत इतक्यांदा आपटली, बांधली, दुरुस्त केली, की शेवटी चिलीमध्येच तिने मान टाकली, आणि उरलेला सगळा प्रवास त्यांनी ट्रक, बोट, जे मिळेल त्यातून केला. तरी डायरीला नाव मोटारसायकलचंच. मी हे बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "त्याने पुढे क्रांती केली. तुम्ही गॅसचा नंबर लावून या."

चाळिशीनंतर लायसनसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, तसं मीही घेतलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, रंग ओळखायला लावले. सरकारला मुद्द्याचं विचारायचं अजून सुचलेलं नाही. सुचलं असतं तर पहिल्याच तपासणीत सुटलो असतो.

गेल्या दिवाळीत मामाने फोन केला, "येझदी तुझ्याकडे पाठवतोय, ठेव." माझा घसा दाटला. म्हटलं, शेवटी मामानेही सोडली. टेम्पोतून गाडी उतरली, बरोबर मामाही उतरला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका पायाने ती डबल स्टँडला लावली आणि मला म्हणाला, "कराडला येझदीचीच एक रोडकिंग मिळाली, हिच्याहून चांगल्या अवस्थेत. घरी दोन ठेवू देत नाही तुझी मामी."

आता परिस्थिती अशी आहे की ती गाडी मामाने लावली तशीच तिथे आहे. स्टँडवरून काढणं सोपं, नुसता पुढे धक्का द्यायचा, पण मग परत लावणार कोण? म्हणून मी रोज सकाळी खाली जातो, जागेवरच किक मारतो, मागचं चाक हवेत गरगर फिरतं, मी वर बसून दोन-तीन गिअर बदलतो, वॉचमन लांबून सलाम करतो. परवा मामाचा फोन आला.

"चालवतोस ना रे?"

"रोज," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"ढकलावी लागली का कुठे?"

"छे! एकदाही नाही."

मामा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग मामीला हाक मारून सांगताना ऐकू आलं, "अगं, चालवत नाहीये तो."